वाघरीचा वाटा

मी एक जुनी वाघर आहे. जाळी म्हणू नका, मित्रांनो. जाळी मोरीला असते, खिडकीला असते, चेंडूच्या खेळाला असते. मी वाघर. मेंढपाळ आपला कळप रानात मुक्कामाला बसवतो, तेव्हा कळपाभोवती खुंट ठोकून दोरीचं जे कुंपण उभं करतो, ती मी. कमरेएवढी उंच आणि शंभर हात लांब. गुंडाळली की घोड्याच्या पाठीवर मावते.

सध्या माझा मुक्काम वनविभागाच्या एका कोठीत आहे. माझ्या एका टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, चिठ्ठीच्या दोऱ्यावर लाखेचा शिक्का आहे, आणि चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'जप्त मुद्देमाल. शिकारीचे जाळे, नग एक.' नग एक! अहो, चोवीस वर्षं मेंढरं राखली मी. त्याचा त्या चिठ्ठीत एक शब्द नाही. आधी फार राग आला होता. आता येत नाही, कारण चिठ्ठीत खोटं काहीच लिहिलेलं नाही. ते कसं, तेच सांगते.

मला आप्पांनी वळलं. आप्पा म्हणजे गेणबाचे वडील. त्यांनी बांधावरचा घायपात कापला, चार-पाच दिवस पाण्यात भिजत घातला, दगडावर बडवून त्याचा वाख काढला आणि तो मांडीवर वळून वळून दोरी केली. मग एक एक गाठ मारत मला विणलं. कोकराचं डोकं आत जाता कामा नये, एवढंच त्यांचं माप. फूटपट्टी नाही, कागद नाही. चार बोटं आत घालून बघायचे आणि पुढची गाठ मारायचे. विणून झाल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि म्हणाले, "झाली." तेवढंच माझं बारसं.

आप्पा गेल्यावर मी गेणबाची झाले. गेणबा आणि त्याची बायको कुशाबाई, दोनशेच्या आसपास मेंढरं, आठ-दहा शेळ्या आणि एक घोडा, असा आमचा संसार. पावसाळ्यात आम्ही इंदापूरच्या बाजूच्या वाडीला घरी असायचो. ऊस तुटायला लागला की निघायचो. आधी सांगवी, मग माळेगाव, आणि शिमग्याच्या सुमारास पिंपळीला. कारखान्याच्या वाटेनं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे आणि त्यांच्या कडेकडेनं आमची मेंढरं धूळ उडवत चालायची. मी घोड्यावर. मला चालावं लागत नाही, ही माझ्या जन्मातली एक चैन.

पिंपळीला आम्ही रामहरी तात्यांच्या रानात उतरायचो. तात्या तिथले बागायतदार. ऊस तुटून गेला की त्यांच्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे तात्यांना लेंड्यांचं खत मिळे आणि आम्हाला उन्हाळाभर पाणी मिळे, उसाच्या शेंड्यांचं वाढं मिळे, विहिरीवरच्या चिंचेची सावली मिळे. उन्हाळ्यात पाणी देणारा माणूस म्हणजे मेंढपाळाला देवच. गेणबा तात्यांच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. जाऊन सांगणार कुणाला?

माझं काम मी चोख केलं. एकदा पहाटे लांडगा आला. त्यानं मला हुंगलं, एक चक्कर मारली, पुन्हा हुंगलं आणि माघारी गेला. सकाळी गेणबानं मातीत पावलं बघितली आणि माझ्यावरून हात फिरवला. "आमची वाघर म्हंजी दुसरी कुशीच हाय," म्हणाला. "तिलाच सांगा मग भाकरी थापायला," कुशाबाई चुलीपासून म्हणाली. त्या दिवशी भाकरी जरा उशिराच मिळाली त्याला.

इथपर्यंत सगळं छान आहे, नाही का? इथं थांबले असते तर तुम्ही माझ्यावर दहा ओळींचा निबंध लिहिला असता. पण वर्षातला एक दिवस असा होता की त्या दिवशी मी मेंढरांपाशी नसायची. तो दिवस धुळवडीचा.

धुळवडीला गावातली माणसं हाका काढायची. हाका म्हणजे काय, तर माळावर एका अंगाला ओढ्याच्या तोंडाशी वाघर आडवी लावायची आणि दुसऱ्या अंगानं डबे वाजवत, ओरडत, कुत्री सोडत रान उठवायचं. ससे घाबरून पळतात ते नेमके ओढ्याकडे, आणि वाघरीत येऊन अडकतात. ससा आदळला की मला धक्का कळतो. लहानसाच धक्का असतो. मग तो धडपडतो, आणि जेवढा धडपडतो तेवढा गुंततो. मी सोडत नाही. मला धरायला शिकवलेलं आहे, सोडायला कुणी शिकवलेलं नाही.

हाका संपला की वाटे पडायचे. माणशी एक वाटा, कुत्र्यांचा एक, आणि वाघरीचा एक. होय, माझा! वाघर ज्याची, त्याच्या घरी हा वाटा पोचायचा. मग तो हाक्याला आलेला असो की घरी झोपलेला असो. नाव माझं, खाणार गेणबा. मी आजवर घासभरसुद्धा खाल्लेलं नाही, हे सांगायला नको. आणि वाघरीला काय कळतंय, म्हणून ज्याला कुणी हात लावणार नाही ते सगळं माझ्या वाट्याला टाकायचे. मानेचं हाड, फुप्फुस, चामडी लागलेले तुकडे. मला मेलीला कुणी विचारलं नाही कधी.

गेणबा स्वतः हाक्याला एकदाही गेला नाही. मेंढरं सोडून जाणार कुठं? तो वाघर द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा, बरोबर वाटा घ्यायचा. एवढंच. आपण कुणा जिवाला मारलं, असं त्याच्या स्वप्नातही कधी आलं नाही.

गेल्या सालच्या शिमग्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या पालावर एक मुलगी आली. खाकी कपडे, पायात बूट, मोटारसायकलवर कागदांची पिशवी. नाव करुणा. या भागाची वनरक्षक.

कुशाबाईनं तिला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतात तो. "कुठली गं तू?"

"सांगवीची, मावशी."

"कुणाची?"

"चतुराबाईंची नात."

"आगं बया! चतुराबाईची? तिच्या बांधाला बसायची की आमची मेंढरं. ताकाची चरवी भरून द्यायची म्हातारी. आन् तू फारेष्टात साहेब झालीस व्हय!"

करुणा हसली. मग तिनं पिशवीतून एक मोठा रंगीत कागद काढून उलगडला. त्यावर चिंकाऱ्याचं चित्र होतं, सशाचं, खोकडाचं, लांडग्याचं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं. "वन्य प्राण्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. मामा, चिंकाऱ्याला सगळ्यात कडक कायदा आहे. सात वर्षांपर्यंत कैद होते. आणि लांडग्यानं मेंढरू नेलं तरी त्याला मारायचं नाही. मला फोन करा, भरपाईचा अर्ज मी स्वतः भरून देईन."

"आमच्याकडं कुठली बंदूक आन् कुठली शिकार, म्याडम?" गेणबा म्हणाला. "शिकार राजं लोक करायचं. आमी शिकार करत न्हाय."

"कुणी करताना दिसलं तर सांगाल?"

"सांगीन की. आईच्यान सांगीन."

गेणबाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं त्याच्या मोबाइलमध्ये आपला नंबर टाकला आणि नावाच्या जागी चिंकाऱ्याचं चित्र लावून दिलं. "हरणावर बोट ठेवलं की मी बोलते," म्हणाली. बोलता बोलता ती मला टेकून उभी होती. तिचा हात माझ्यावरच होता.

गेणबा खोटं बोलला नव्हता, मित्रांनो. त्याच्या लेखी शिकार म्हणजे बंदूक, जीप आणि शहरातली माणसं. हाका म्हणजे हाका. सण तो. करुणा शिकार म्हणाली आणि गेणबाही शिकार म्हणाला. दोघांनी मान डोलावली, दोघं खूश झाले, आणि दोघांच्या मनात वेगळंच काहीतरी होतं. मी तिथंच मधोमध उभी होते. मला तोंड असतं तर!

धुळवडीच्या दिवशी सकाळी रामहरी तात्या आले. "गेणबा, वाघर दे रं. पोरं हाका काढत्यात."

"न्या की तात्या. तितं घोड्यापाशी हाय बघा."

त्या सालचा हाका मला नको असताना आठवतो. आठ माणसं होती आणि दोन कुत्री. मला ओढ्याच्या तोंडाशी लावलं. पलीकडून डबे वाजायला लागले. एक ससा आला, पण कडेनं निसटला. मग काही वेळ काहीच आलं नाही. आणि मग जो धक्का बसला तो सशाचा नव्हता. दोन खुंट उपटून आले. मी सगळीच्या सगळी तिच्या अंगावर पडले.

ती चिंकाऱ्याची मादी होती. पुढचा पाय माझ्यात अडकून मोडला होता.

तात्या म्हणाले, "आरं, हे हरण हाय. सोडा." त्यांनी तसं म्हटलं, हे मी सांगते, कारण मी तिथं होते. कुणीतरी म्हणालं, "पाय मोडलाय तात्या. सोडून तरी काय उपेग?" मग तात्या गप्प झाले. त्यानंतरचं मी सांगणार नाही. वाटे मांडताना तात्या होते, एवढं मात्र सांगते.

दुपारी तात्यांनी मला मोटारसायकलवरून पालावर आणून टाकलं. माझ्यावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. "वाघरीचा वाटा," म्हणाले. "यंदा कुठं बोलू नगंस." आणि गाडी वळवून निघूनही गेले. दरवर्षी चहा पिऊन जायचे. गेणबाला ते खटकलं.

कुशाबाईनं पिशवी ताटात रिकामी केली. नेहमीसारखंच, कुणाला नको असलेलं. तिनं एक तुकडा हातात घेतला आणि तिचा हात थांबला.

"आवं, हिकडं या."

"काय गं?"

"ही कास बघा."

गेणबा वाकला. कुशाबाईनं अंगठ्यानं जरा दाबलं. दूध आलं.

मेंढपाळाच्या बाईला कास कुणी शिकवावी लागत नाही. किती दिवसांची व्यालेली, पिल्लू पितंय की तुटलंय, तिला बोटांना कळतं. आणि आमच्यात दुभत्या मेंढीला सुरी लावत नाहीत. कितीही अडचण असू दे, नाही म्हणजे नाही.

"सशाची न्हाय ही," कुशाबाई म्हणाली. "हरणी हाय. वली बाळंतीण हाय. आठ-धा दिसाचं पिल्लू असंल."

गेणबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "गप बस. पुरून टाकू सगळं."

"टाका की पुरून. पर पिल्लू कुठं पुरता?"

गेणबानं माळाकडं बघितलं.

"माळाला गावची कुत्री सुटल्यात," ती म्हणाली. "धुळवड हाय. आज न्हाय तर उद्या ते पिल्लू फाडत्याल. न्हायतर भुकंनं मरंल. आई यायची म्हणून जाग्यावरनं हलायचं न्हाय ते."

"मग हुडकू आपण."

"हुडकू. आन् घावल्यावर? ठेवायचं कुठं? मेंढरात? ते काय कोकरू हाय व्हय? त्या पोरीला फोन लावा."

"कुशे, ती कायद्याची हाय! पयलं इचारंल वाघर कुणाची. आपुनच आत जाऊ. सात वर्सं म्हणाली ती. मेंढरं कोण बघंल? आन् तात्यांचं नाव घेतलं तर पाणी कुठं पाजायचं?"

"ठाव हाय मला."

कुशाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं ती कास ताटात ठेवली, ताटावर दुसरं ताट झाकलं आणि हात धुतले. मग तिथंच गेणबाच्या समोर बसून राहिली. दुपारची मेंढरं चिंचेखाली डोकी खाली घालून उभी होती. गेणबा त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं बंडीतून मोबाइल काढला आणि हरणावर बोट ठेवलं.

"म्याडम? गेणबा बोलतुया, पिंपळीवरनं." "शिकार झालीया. व्हय... आमच्याच वाघरीत. पर म्याडम, पिल्लू हाय तिचं माळाला. तेवढं आधी बघा."

फोनमधून करुणाचा आवाज आला. पिल्लू सापडलं तर हात लावू नका, उचलू नका, मी निघाले, असं काहीसं म्हणाली.

गेणबानं मला खुंटांसकट खांद्यावर टाकलं आणि दोघं माळाला निघाले. माझ्या गाठींमध्ये अजून हरणीचे केस होते. त्यानं ते काढले नाहीत.

चिंकाऱ्याचं पिल्लू शोधणं सोपं नसतं. ते गवतात अंग चोरून बसतं, आणि तुम्ही दोन हातांवर उभे असलात तरी दिसत नाही. पण गेणबाचा जन्म जनावरांच्या मागं गेला होता. आई पिल्लापाशी कधी चरत नाही, लांब चरते आणि डोळा तिकडं ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. ओढ्यापासून मागं मागं जात त्यानं माळ पालथा घातला. कुशाबाई दुसऱ्या अंगानं. ऊन उतरायला लागलं. गेणबा स्वतःशीच पुटपुटत होता, "घाव रं बाबा. घाव."

आधी कुत्रीच दिसली. तीन होती. तरवडाच्या एका झुडपाभोवती नाक लावून फिरत होती. गेणबा ओरडत धावला, दगड भिरकावले. कुत्री लांब गेली, पण निघून गेली नाहीत. बसून राहिली. आणि झुडपाच्या बुडाशी, वाळल्या गवताच्या रंगाचं, मांजराएवढं पिल्लू होतं. कान तेवढे मोठे. ते हललंसुद्धा नाही.

गेणबानं त्याला हात लावला नाही. त्यानं मला खांद्यावरून उतरवलं, झुडपाच्या भोवतीनं खुंट ठोकले आणि मला उभं केलं. कुत्री माझ्यापाशी आली, मला हुंगलं. मी उभी होते.

तुमचा जीव टांगणीला लागायला नको, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकते. पिल्लू वाचलं. कुशाबाईनं आणलेलं शेळीचं दूध करुणानं जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर विचारून बाटलीनं पाजलं. अंधार पडायच्या आत पुण्याकडून प्राण्यांच्या दवाखान्याची गाडी आली, पिल्लाला घेऊन गेली, आणि वर्षभरानं ते मोठं होऊन पुन्हा माळावर सुटलं. करुणा कोठीत दुसऱ्या एका माणसाला सांगत होती, तेव्हा ऐकलं मी. पण मला सांगायची आहे ती गाडी येण्याच्या आधीची गोष्ट.

करुणा आली तेव्हा तिनं आधी पिल्लू बघितलं, मग मला बघितलं. माझ्या गाठीतले केस बघितले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पंधरा दिवसांपूर्वी ती मलाच टेकून उभी होती ना.

"मामा, ही तर मेंढरांची वाघर," ती म्हणाली. "हिनं शिकार केली?"

"शिकार न्हाय, हाका..." गेणबा बोलता बोलता थांबला.

करुणानं डोक्यावरची टोपी काढली. "मामा, कायद्यात हाका म्हणजे शिकारच. गोळी घालायलाच हवी असं नाही. जाळं लावणं, हाकलत नेणं, पकडणं, नुसता प्रयत्न करणं, सगळी शिकारच आहे. मी त्या दिवशी तुम्हाला नुसतं शिकार म्हणाले. हाका म्हणायला पाहिजे होतं. चुकलंच माझं." ती खाली बसली आणि कागद काढले. "साहेब आणि पंच येतायत. मला वाघर जप्त करावी लागेल. पण गाडी येईपर्यंत असू दे उभी. कुत्री अजून बसलीयत."

म्हणजे बघा, मी जप्त झाले होते आणि तरीही कामावर होते.

एवढ्यात मोटारसायकल वाजली. रामहरी तात्या. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. त्यांनी गाडी लावली, पिल्लाकडे बघितलं आणि नजर वळवली. चेहरा उतरलेला होता. मग गेणबाच्या जवळ आले आणि करुणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गेणबा, आरं, सकाळी तुझी वाघर चोरीला गेल्ती न्हवं? कुणी नेली तुला काय म्हाईत! सांग की म्याडमला तसं. तुझा काय दोष हाय यात?"

तात्या वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते स्वतःला वाचवत होते, खरं, पण गेणबालाही वाचवत होते. वाघर चोरीला गेली असं म्हटलं की गेणबा सुटला. कोण घेऊन गेलं ते माहीत नाही म्हटलं की तात्या सुटले. चोराचं नाव कागदावर कधीच आलं नसतं. मेंढरं चिंचेखाली राहिली असती, विहिरीचं पाणी चालू राहिलं असतं. पिल्लूही वाचलंच होतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

करुणानं पेन उचललं. तिनं तात्यांकडे बघितलं नाही. "मामा, मला एकच सांगा. वाघर तुम्हाला विचारून नेली, का न विचारता?"

कुशाबाई दुधाची चरवी घेऊन बांधावरून येत होती. तिच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं असावं, कारण ती जागीच उभी राहिली. तिनं गेणबाला काही खूण केली नाही. मी बघत होते.

गेणबानं पागोटं काढलं, हातात धरलं. त्याला रडू येत होतं. त्यानं ते लपवलं नाही.

"इचारून नेली," तो म्हणाला. "तात्या आलं व्हतं. मी दिली."

"गेणबा!" तात्या म्हणाले.

"तात्या, तुमचं पाणी आमच्या हाडात हाय. पर दर साली तुमी मागितली आन् दर साली मी दिली. वाटाबी घेतला. मारलं तुमी आन् खाल्लं आमी." तो करुणाकडे वळला. "लिहा म्याडम. वाघर माझी हाय. शिकार मीबी केली."

करुणानं लिहिलं. लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं. 'स्वतःच्या मालकीची वाघर स्वतःहून शिकारीसाठी दिली' या वाक्यावर ती जरा थांबली, त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली आणि अंगठा पुढं केला. तो उठवताना करुणानंच त्याचा हात धरून ठेवला, कारण तो स्थिर राहत नव्हता.

खटला अजून चालू आहे. गेणबा जामिनावर आहे, तात्या आणि बाकीचे सात जणही. पिंपळीचं रान आमच्या मेंढरांना बंद झालं. या उन्हाळ्यात ती कुठं पाणी पितात, मला ठाऊक नाही. या कोठीला खिडकी नाही. करुणा कधी कधी शिक्का शाबूत आहे का बघायला येते, तेव्हा सुटंसुटं काही कळतं. तिच्या नव्या कागदावर आता 'शिकार' या शब्दाखाली हाका, वाघर, फासा, सापळा असं सगळं लिहिलेलं आहे म्हणे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. खटला संपला की मला परत देतील किंवा जाळून टाकतील. घायपाताची दोरी चांगली जळते. माझी हरकत नाही. मी धरायचं काम केलं, आणि ते कुणासाठी करते आहे हे मला कधी निवडता आलं नाही. तुम्हाला येतं. तुमच्या दारात कुणी असलं काही मागायला आलं, दोरी, कुत्रं, गाडी, नुसती रानाची वाटसुद्धा, तर ते कशासाठी ते विचारा आणि नाही म्हणा. माणूस घरचा असला तरी, पाणी देणारा असला तरी. ते 'नाही' सुरुवातीला म्हणायचं असतं. नंतर म्हणायला एकच वाक्य उरतं, 'आम्ही कुठं मारलं?' ते फार सोपं वाक्य आहे. गेणबालाही म्हणता येत होतं.